दीड दिवसात एक ठोका

महिन्याच्या पहिल्या तारखेला मी दुकान उघडून टेबलावरचं फडकं झटकतो न झटकतो तोच सेकंदवाले हजर होतात. त्यांचं खरं नाव माझ्या वहीत आहे, पण आमच्या रस्त्यावर सगळे त्यांना सेकंदवालेच म्हणतात आणि मला वाटतं, त्यांना ते आवडतं. कचेरीतून निवृत्त होताना मिळालेलं क्वार्ट्झ घड्याळ ते मनगटावरून उतरवतात, मऊ कापडावर ठेवतात, आणि मग निकालाच्या दिवशी पालक मास्तरांच्या तोंडाकडे बघतात तसे माझ्याकडे बघत राहतात.

मी घड्याळ तपासणीच्या यंत्रावर ठेवलं आणि आकडा वाचला.

"किती?"

"दोन सेकंद पुढे."

"महिन्यात?"

"महिन्यात."

"म्हणजे गेल्या महिन्याइतकंच." त्यांनी सुस्कारा सोडला. "स्थिर आहे म्हणायचं."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, साहेब, तुम्हाला इतक्या वेळेवर जायचं असतं तरी कुठं? त्यांनी बराच वेळ प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "तसं कुठंच नाही." मी हसलो नाही. कुणी गुलाब जपतो, कुणी सेकंद जपतो. जपण्याची सवय वाईट नसते.

तर त्या पहिल्या तारखेला सेकंदवाले घड्याळ पुन्हा मनगटावर चढवत होते, तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि वहिनी आत आल्या. त्यांचे यजमान माझे शाळेपासूनचे दोस्त, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो. बरोबर त्यांची नात होती. वय वर्षं दहा. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही. त्या दिवशी मात्र ती खिळ्यानं ठोकल्यासारखी आजीच्या मागे उभी होती आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

"बसा वहिनी."

"बसत नाही." त्यांनी हातरुमालाची गाठ सोडली. आत त्यांचं लहानसं घड्याळ होतं. "भाऊ, हे घड्याळ खोटं बोलतंय."

"कितीनं?"

"सात मिनिटांनी मागे आहे. हिनं सांगितलं."

"मी फक्त मोबाईलशी जुळवून बघितलं," भिंगरी बुटांना म्हणाली. "मुद्दाम नाही बघितलं."

सेकंदवाल्यांना राहवलं नाही. "सात मिनिटं? क्वार्ट्झमध्ये? बाई, ते घड्याळ नाही, ती अफवा आहे."

एरवी वहिनींनी त्यांना लगेच सडेतोड उत्तर दिलं असतं. पण त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढून त्यांनी माझ्यासमोर उघडली. पानभर सरळ रेघा. डावीकडे तारीख, मध्ये एक आकडा, उजवीकडे "दिली". पुन्हा तारीख, आकडा, "दिली". पानामागून पान तसंच.

"ह्यांना चार महिने झाले हृदयाची गोळी चालू आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी आधी नाडी मोजायची. साठ किंवा त्याच्या वर भरली तर गोळी द्यायची. साठच्या खाली गेली तर द्यायची नाही, दवाखान्यात फोन करायचा. डॉक्टरांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं ते. आणि मी मोजत होते कशानं? तर ह्यानं."

मी वही जवळ ओढली. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"मंगळवारी साठ. दिली. बुधवारी एकसष्ट. दिली. त्या दोन्ही दिवशी ह्यांना उठताना चक्कर आली. गुरुवारी अठ्ठावन्न भरली, तेव्हा नाही दिली, फोन केला. डॉक्टर म्हणाले, शनिवारी पाचला वही घेऊन या, तोवर नियम तोच ठेवा. आज शनिवार. आणि आज सकाळी ही पोर म्हणते, आजी, तुझं घड्याळ चुकीचं आहे."

"मागे पडणाऱ्या घड्याळाचं मिनिट लांब असतं," सेकंदवाले विचारात पडून बोलले. "म्हणजे त्यात ठोके जास्त बसणार. म्हणजे खरे ठोके मोजल्यापेक्षा कमी…" मग त्यांनी वहिनींचा चेहरा पाहिला आणि वाक्य तिथंच सोडलं.

"तेच," वहिनी म्हणाल्या. "ते साठ खरे साठ होते की पन्नास, मला कसं कळणार? मी माझ्या हातानं गोळी दिली. वर पाण्याचा पेला पण मीच धरला."

मी वहीतली मंगळवारची ओळ पुन्हा वाचली.

"त्यांना सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगू? ते म्हणतील, मी जिवंत आहे ना, मग मोजणी बरोबरच असणार. त्यांचं गणित तसलं." त्यांनी वही माझ्याकडे आणखी सरकवली. "तुम्ही एवढंच सांगा, प्रत्येक आकड्यातून किती वजा करायचे. चार महिन्यांची पानं मी बसून दुरुस्त करते. पाचपर्यंत वेळ आहे. चुकीची वही मी डॉक्टरांपुढे ठेवणार नाही."

माणूस घाबरलेला असला की त्याला "काही होत नाही" म्हणून उपयोग नसतो. त्याला ते पटत नाही, आणि पटू पण नये. त्याच्यासमोर एकेक गोष्ट उघडून ठेवावी लागते. मी स्टूल ओढलं आणि भिंगरीला म्हणालो, "ये, बस इथं. चूक तू शोधलीस ना? मग ती केवढी आहे ते पण तूच शोधायचंस."

ती बसली. मी बोथट सुरीनं घड्याळाचं मागचं झाकण उचकटलं, उलटं केलं आणि डोळ्याला लावायचं भिंग तिच्या हातात दिलं.

"झाकणाच्या आतल्या बाजूला बघ. काय दिसतं?"

"खरवडलंय काहीतरी. आकडे आहेत. एक महिना आणि एक साल."

"ते माझं अक्षर. सेल बदलला की आम्ही घड्याळवाले आत तारीख कोरून ठेवतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, आमची आमच्यात खूण. आणि सेल बदलल्यावर मी वेळ बरोबर लावूनच घड्याळ परत देतो. त्याला किती महिने झाले?"

तिनं बोटांवर मोजलं, चुकली, पुन्हा मोजलं. "एकवीस."

"मध्ये कुणी वेळ लावली होती का, वहिनी?"

"मी कशाला लावू? वेळ सांगायला घरात हे आहेत की. दर अर्ध्या तासानं न विचारता सांगतात. हे घड्याळ स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खिळ्याला असतं. नाडीपुरतं खाली काढते."

"ठीक. म्हणजे एकवीस महिन्यांत सात मिनिटं. भिंगरे, सात मिनिटांचे सेकंद किती?"

"चारशे वीस."

"एका महिन्याच्या वाट्याला किती आले?"

तिला कागद लागला नाही. "वीस."

"वीस!" सेकंदवाल्यांना ते सहन झालं नाही. "माझं दोन."

"तुमचं दिवसभर मनगटावर असतं साहेब, उबेला. आतल्या स्फटिकाची चाल तेवढ्या उबेला जुळवलेली असते. गारठ्यात तो थोडा मागे पडतो, फार उकाड्यातही मागेच पडतो. खिडकीजवळच्या खिळ्यावर लटकणाऱ्या घड्याळानं महिन्याला वीस सेकंद मागे पडणं ही काही बदनामी नाही. बरीच घड्याळं तशीच असतात. त्यांच्या मालकांना पत्ताही नसतो, आणि त्यांचं काही अडतही नाही."

"स्फटिक म्हणजे काचेचा तुकडा?" भिंगरीनं भिंगातून आत बघत विचारलं.

"काचेसारखा. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या नळीत आहे. सेलची वीज मिळाली की तो थरथरतो. एका सेकंदात बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा."

"सरळ बत्तीस हजार का नाही?"

असा प्रश्न आला की मला दिवस भरून पावल्यासारखं वाटतं. "कारण तो आकडा निम्मा करत गेलीस, पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा, तर पंधराव्या खेपेला बरोबर एक उरतो. घड्याळातलं यंत्र तेवढंच करतं, निम्मा करत राहतं. मग सेकंदाला एक धक्का देतं काट्याला. घरी जाऊन करून बघ."

"भाऊ," वहिनी म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण धीर संपत आल्याचं कळत होतं. "किती वजा करायचे?"

"तेच काढतोय. महिन्याला वीस सेकंद म्हणजे तीस दिवसांना वीस. एका दिवसाला एक सेकंदसुद्धा नाही, दोन तृतीयांश." मी घड्याळ यंत्रावर ठेवलं. आकडा उमटला, आणि मी तो भिंगरीला वाचायला लावला.

"उणे शून्य दशांश सहा सहा."

"दिवसाला. झाकणावरच्या तारखेनं सांगितलं तेच यंत्रानं सांगितलं. आता बघा वहिनी, हे घड्याळ एक पूर्ण सेकंद चुकायला किती वेळ घेतं? दीड दिवस. आणि नाडी साठ असली तर एका सेकंदाला एक ठोका. म्हणजे तुम्ही त्यांचा हात धरून दीड दिवस सलग मोजत बसलात, तर तुमच्या मोजणीत एका ठोक्याची चूक होईल. तुम्ही मोजता एक मिनिट."

वहिनी वहीकडे बघत राहिल्या. "पण सात मिनिटं…"

"ती सात मिनिटं एकवीस महिन्यांत साठली. कण कण करून साठली. तुमच्या एका मिनिटाच्या वाट्याला त्यातलं काय आलं? सेकंदाच्या हजाराव्या भागाचं अर्धं. किती वाजले हे सांगायला हे घड्याळ कच्चं आहे. मिनिट किती लांब असतं हे सांगायला पक्कं आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या."

"म्हणजे ते उशिरा निघालंय, पण चालतंय नीट?" भिंगरी म्हणाली.

"अगदी तसं."

वहिनींच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मला दिसला, आणि मी झाकण बसवून घड्याळ सुलटं केलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं मी आधी घड्याळाची पाठ बघतो, तोंड नंतर. तीच माझी चूक झाली. त्या दिवशी तोंड आधी बघायला हवं होतं.

सेकंदकाटा एका जागी थांबला होता. मग त्यानं एकदम चार घरं पुढे उडी मारली आणि पुन्हा थांबला.

भिंगरीनं पण ते पाहिलं. "आजी, तुझा काटा उड्या मारतोय."

"हो, आठवडाभर असंच चाललंय. मला वाटलं, ह्याचे पण गुडघे गेले." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं, भाऊ?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "सेल संपत आला की काही घड्याळं अशी खूण करतात. दर सेकंदाला एक घर सरकायच्या ऐवजी चार सेकंद थांबतात आणि एकदम चार घरं सरकतात. वेळ चुकत नाही. पण मोजणारा चुकू शकतो." मी घड्याळ खाली ठेवलं. "आता मी एक विचारतो. नीट आठवून सांगा, आणि मला कुठलं उत्तर आवडेल याचा विचार करू नका. तुम्ही नाडी मोजता कशी? पंधरा सेकंद मोजून चारानं गुणता?"

चार महिन्यांची वही, गेलेला आठवडा, सगळं त्या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं. सेकंदवाले पण पुढे वाकले.

वहिनींचा चेहरा बदलला. भीती जाऊन तिथं सरळसरळ राग आला.

"गुणता?" त्या म्हणाल्या. "मी बटणांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मोजणीला होते. शर्टाची बटणं, एका पुठ्ठ्यावर बारा, एका डब्यात बारा डझन. बाकीच्या बाया काय करायच्या? मूठभर बटणं तराजूत टाकायच्या, वजन बघायचं, आणि डब्याच्या वजनावरून गुणाकार. पाच मिनिटांत काम खलास, मग गप्पा. मी कधी नाही केलं. एक डबा, एकशे चव्वेचाळीस बटणं, एकशे चव्वेचाळीस वेळा बोट. मला मंदगाडी म्हणायच्या. पण माल परत आला तर कधी माझ्या डब्यातला नाही आला."

"आणि नाडी?"

"सूनबाई म्हणाली होती, आई, पंधरा सेकंद पुरतात, कशाला ताटकळता. मी म्हटलं, मोजायचं तर पुरतं मोजायचं. काटा वर बाराच्या खुणेवर येऊन टेकला की सुरू. फिरून तिथंच टेकला की बंद. एक मिनिट म्हणजे एक मिनिट. एकदा हे मध्येच शिंकले तर मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं."

मला हायसं वाटलं, पण तेवढ्यावर थांबून चालणार नव्हतं. पटल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या, आणि गेल्या असत्या तरी जिन्याखाली पोचेपर्यंत शंकेनं पुन्हा गाठलं असतं.

"साहेब," मी सेकंदवाल्यांना म्हणालो, "तुमचं घड्याळ भिंगरीच्या हातात द्या. आणि तुमचा हात वहिनींच्या."

"माझा?"

"दुकानात दुसरी रिकामी नाडी नाही."

त्यांनी घड्याळ उतरवलं, जरा जपूनच, आणि बाही वर सारली. वहिनींनी दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. अजून उभ्याच होत्या त्या. त्यांचं घड्याळ कापडावर ठेवलं होतं. काटा बाराच्या खुणेवर टेकला, त्यांनी मान हलवली, भिंगरीनं सेकंदवाल्यांच्या घड्याळात बघायला सुरुवात केली. वहिनींचे ओठ हलत होते. काटा उड्या मारत खाली गेला, वर आला, बाराच्या खुणेवर टेकला. मान हलली.

"नव्वद," वहिनी म्हणाल्या.

"साठ सेकंद," भिंगरी म्हणाली. "बरोब्बर साठ."

"नव्वद?" सेकंदवाले म्हणाले. "ते जास्त आहेत का?"

"आता सूनबाईंची पद्धत," मी म्हणालो. "काटा पंधरा सेकंदांची खूण गाठेल किंवा ओलांडेल तेव्हा थांबायचं."

वहिनींनी नाखुशीनंच पुन्हा बोटं ठेवली. काटा वर बाराच्या खुणेवर टेकला. मग चार सेकंद, आठ सेकंद, बारा सेकंद. पंधरावर तो आलाच नाही. बाराव्या सेकंदावर थांबून राहिला आणि मग एकदम सोळाव्यावर गेला.

"चोवीस," वहिनी म्हणाल्या.

"माझ्याकडे सोळा सेकंद झाले," भिंगरी म्हणाली. तिच्या कपाळावर आठी पडली. "चोवीस गुणिले चार, शहाण्णव. पण हे तर नव्वद आहेत." मग आठी गेली. "कळलं. पंधराला चारानं भाग जात नाही. म्हणून काटा पंधरावर थांबूच शकत नाही. साठला जातो. म्हणून तो फिरून बरोबर आहे तिथं येतो. आजी, तू पूर्ण मिनिट मोजलंस ना, म्हणून काट्यानं किती पण उड्या मारल्या तरी तुझं चुकत नाही."

मी काही जोडायची गरज नव्हती. मी फक्त वहीवर बोट ठेवलं, गुरुवारच्या ओळीवर. "गुरुवारी तुम्ही पंधरा सेकंदांवर भागवलं असतंत, तर हे अठ्ठावन्न तुम्हाला साठ दिसले असते, कदाचित चौसष्टही. तुम्ही गोळी दिली असतीत आणि फोन केला नसतात. यातून काही वजा करायचं नाही, वहिनी. एक आकडा पण नाही. अर्थात मी घड्याळवाला आहे. मिनिटाची हमी मी देतो. गोळीचं, चक्करेचं डॉक्टर बघतील. पण वही खरी आहे."

वहिनींनी वही मिटली. मग मागे हात नेऊन चाचपत खुर्ची शोधली आणि त्या बसल्या.

"पाणी आहे का हो?"

मी पेला भरून दिला. त्या सगळं पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसताना डोळे पण पुसून घेतले. भिंगरी त्यांना जाऊन चिकटली.

"मी उगाच सांगितलं का गं, आजी?"

"उगाच काय? तू सांगितलंस म्हणून तर आपण इथं आलो, सेल संपत आलाय ते कळलं. उद्या घड्याळच बंद पडलं असतं तर?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फक्त पुढच्या वेळी 'आजी, तुझं चुकलं' असं ओरडत स्वयंपाकघरात येऊ नकोस. हातात गरम भांडं होतं माझ्या."

मी जुना सेल काढला, नवा घातला. काट्यानं एक घर पुढे टाकलं, मग एक, मग एक, शहाण्या मुलासारखं. झाकणाच्या आत माझ्या तारखेखाली आजची तारीख मी भिंगरीला कोरायला दिली. जीभ दातांत धरून तिनं ती कोरली. माझ्यापेक्षा सरळ आली.

"वेळ लावू का बरोबर?" मी विचारलं. "की सात मिनिटं मागेच असू दे?"

"मला काही फरक पडत नाही. पण लावा. नाहीतर ही रोज येता-जाता त्याच्याकडे संशयानं बघेल."

सेकंदवाले अजून बाही वर सारूनच उभे होते. "नव्वद म्हणजे नक्की…"

"तुम्ही घाबरला होता," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या घड्याळाला एका पोरीनं हात लावला म्हणून. बसा जरा, पाणी प्या, मग मोजू." आणि त्यांनी खरंच दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, पूर्ण मिनिट. शहात्तर भरले. सेकंदवाले म्हणाले की इतक्या वर्षांत त्यांच्या घड्याळाचा कुणाला पहिल्यांदाच उपयोग झाला. ते थट्टेनं बोलले नव्हते.

निघताना वहिनी दारात थांबल्या. आता त्यांच्या चेहऱ्यावर रोजचा मिश्कीलपणा परत आला होता.

"भाऊ, एक ठोका चुकायला दीड दिवस हात धरून बसावं लागेल म्हणालात ना?"

"हो."

"लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. सगळं मिळून दीड दिवस भरतो का, ते पण एकदा मोजायला हवं."

त्या संध्याकाळी दवाखान्यात काय होतंय याची चुटपुट मला लागून राहिली होती. साडेसहाला फोन आला, भिंगरीचा. "घड्याळआजोबा, डॉक्टरांनी सगळी पानं वाचली. त्यांच्या यंत्रावर आजोबांची नाडी साठ आली, आजीनं आधी मोजली होती ती पण साठच. मग ते म्हणाले, आकडे महिनाभर हळूहळू खाली येत चाललेत, वहीत स्पष्ट दिसतंय, म्हणून चक्कर येते. गोळी अर्धी केली. आजोबा ठीक आहेत. आणि मी तो आकडा निम्मा निम्मा करून बघितला, पंधराव्या वेळी एक आला." हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि फोन ठेवून दिला. मी दुकान बंद करून घरी जाताना वाटेत कुलूप लावलं की नाही ते बघायला परत आलो नाही. एरवी मी येतो.

आठवड्यानं तिघं मिळून दुकानात आले. माझा दोस्त पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढला, नुसताच भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवून. चेहऱ्यावर रंग होता.

"काय रे," तो खुर्चीत बसत म्हणाला, "माझ्या बायकोला माझ्याविरुद्ध पुरावे पुरवतोस म्हणे."

"चक्कर?"

"सहा दिवस नाही. पण नवीन छळ सुरू झालाय. आता सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजते. औषध अर्धं झालं आणि मोजणी दुप्पट."

"डॉक्टरांनी सांगितलंय, पहिले पंधरा दिवस दोनदा," वहिनी म्हणाल्या आणि वही पुढे केली. सहासष्ट, अडुसष्ट, सहासष्ट, सत्तर. पुढे "अर्धी दिली", "अर्धी दिली". जुन्या पानांवर कुठंही खाडाखोड नव्हती. खाली कोपऱ्यात डॉक्टरांची छोटी सही होती.

"एक मिनिट मला गप्प बसवून ठेवते," माझा दोस्त म्हणाला. "पूर्ण एक मिनिट. शाळेत तुला आठवतं ना, मास्तरांना जमलं नव्हतं ते."

"गप्प कुठं बसता?" वहिनी म्हणाल्या. "पन्नासपर्यंत आले की ह्यांना हटकून काहीतरी सांगायचं असतं. खिडकीत पक्षी आलाय, दूध वर आलंय. मग मोजणी विसरते आणि पुन्हा पहिल्यापासून. काल तीनदा मोजावं लागलं. अहो, एक मिनिट तोंड बंद ठेवायला काय होतं तुम्हाला?"

"मग तू हात सोडतेस," तो म्हणाला.

वहिनी वही पिशवीत ठेवत होत्या. ती नीट बसेना म्हणून त्यांनी काढून पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. मी भिंगरीला विचारलं की पंधराव्या वेळी एक आला, तर सोळाव्या वेळी काय येईल, आणि ती विचार करत भिंतीवरच्या घड्याळांपुढे गोल गोल फिरू लागली.